रविवारचे टॅपेट

मार्चमधलं टोरोंटो पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसतं. चार महिने साचलेला बर्फ काळा पडून आकसत जातो आणि त्याच्या पोटातून काय काय वर येतं. कुणाचा तरी एकच हातमोजा, नाताळच्या झाडाचा सांगाडा, शेजारच्या कुत्र्याने हिवाळाभर केलेले उद्योग. रस्त्यावरच्या मिठाने बुटांना पांढरी किनार धरते. छपरावरून दिवसभर टपटप चालू. मुंबईहून नवा आलेला एखादा विचारतो, "अंकल, इथला वसंत ऋतू कधी?" मी म्हणतो, "बाबा रे, डोळे उघडून बघ, हाच तो."

या महिन्याशी माझं अकरा वर्षांचं भांडण आहे. एरवी मी बरा माणूस असतो. फॅक्टरीत विमानाचे पार्ट मोजतो, घरी येऊन डाळभात खातो, शेजाऱ्याच्या वाट्याचा बर्फही शोव्हल करतो. पण गॅरेजच्या दारातल्या बर्फाचं पाणी झालं, त्यात तेलाचा थेंब पडून निळे-जांभळे रंग पसरले, की माझं काही खरं नाही. यंदा तर जास्तच. यंदा दादा नाही.

दादा म्हणजे रूबेनदादा, माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. डिसेंबरात गेला. गेल्या आठवड्यात फ्लोरावहिनीचा फोन आला. "भाऊजी, कासव एकदा सुरू करून बघा ना. मार्चमध्ये सगळं उघडून बघावं असं ह्यांचं असायचं." मी म्हटलं, "येतो रविवारी." 

कासव ही आमची गाडी. गोल पाठीची, जर्मन, इंजिन मागे. त्या इंजिनाला पाणी लागत नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. दादाने ती तिसऱ्या हाताने घेतली तेव्हा पत्रा इतका गंजलेला की पाय ठेवायच्या जागेतून रस्ता दिसायचा. वहिनी म्हणाली होती, "ह्याच्यापेक्षा घोडागाडी घेतली असती." दादा हसला. तो मुंबईला मिलमध्ये फिटर होता, इथे ट्रामच्या डेपोत लागला. त्याच्या हातात बंद पडलेली वस्तू दिली की त्याचा चेहरा उजळायचा.

आता आमच्या रविवारचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथ म्हणून, घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावातले लोक आम्हाला शनवारतेली म्हणत. इथे येऊन आम्ही फार कडक राहिलो होतो अशातला भाग नाही. शनिवारी सिनेगॉगला बसने जायचो, म्हणजे नियम मोडूनच. पण कासव शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजात गेलं की रविवार उजाडेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. दादा म्हणायचा, "पणजोबांचा घाणा शनिवारी थंड, माझं इंजिन शनिवारी थंड. धंदा तोच आहे सॅम्या, तेलाचाच."

त्यात त्याचा धूर्तपणाही होता. इंजिनाच्या झडपा तपासायच्या तर इंजिन ठार थंड लागतं. खालून कॅमशाफ्ट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, रॉकर झडप दाबून उघडतो आणि स्प्रिंग तिला परत मिटवते. या साखळीत केसाएवढी फट ठेवायची असते. फट वाढली की टकटक वाजतं. फट उरलीच नाही तर झडप पुरती मिटत नाही. या फटी बरोबर करण्याला आमच्या मुंबईच्या भाषेत टॅपेट सेट करणं म्हणतात. शनिवारभर विसावलेलं इंजिन रविवारी सकाळी या कामाला अगदी तयार असायचं. सगळ्या कॅनडात टॅपेटसाठी शब्बाथ पाळणारी माणसं आम्ही दोघंच असू.

दादा प्रत्येक नट कसला की त्यावर वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा मधल्या स्क्रूवर. ठिपका फुटलेला दिसला म्हणजे नट हलला. वहिनी कुरकुरायची, "माझ्या नखांपेक्षा तुमच्या इंजिनाचा थाट जास्त." बाटली त्याच्या टूलबॉक्समध्ये पान्यांशेजारी असायची.

अकरा वर्षांपूर्वी आई एडमंटनला होती, लिलीताईकडे. लिलीताई आम्हा दोघांच्या मधली. तिला दुसरं बाळ झालं म्हणून आई मुंबईहून थेट तिकडे उतरली. विमानात तिचे कान असे काही दुखले की उतरल्या उतरल्या तिने जाहीर केलं, "पुन्हा त्या पत्र्याच्या पोटात मी बसायची नाही." मग बसली एडमंटनच्या हिवाळ्यात. ताई आणि तिचा नवरा दिवसभर ऑफिसात, मोठा नातू इंग्रजीत उत्तरं देणारा. दर रविवारी फोन यायचा. "रूबेन, सगळं छान आहे रे. पण इथे माझ्याशी मराठीत भांडायला कोणी नाही."

टोरोंटोत आमच्या लोकांची मोजकी घरं होती, पण होती. भांडायला भरपूर. आईला तिथे यायचं होतं. तिने सरळच सांगितलं, "मरायचंय ते आपल्या माणसांत. कुणीतरी मला मराठीत निरोप द्या म्हणजे झालं." आगगाडीत तीन दिवस परक्यांच्या हातचं खाणार नाही म्हणाली. दादाने फोनवरच वचन दिलं, "मे महिन्यात मी येतो तुला न्यायला, गाडी घेऊन. फ्लोराचे डबे बरोबर. तू पाय पसरून झोप." त्याने कासवातली ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली आणि तिथे गादी बसेल का ते मोजून बघितलं. आई आली की गोड पोह्यांचा मलिदा करायचा, देवाचे आभार मानायचे, हे वहिनीने तेव्हाच ठरवलं. पोह्यांचं पाकीट आणून तिने वरच्या फळीवर ठेवलं.

पण कासवाचं मूळ इंजिन म्हणजे जीव मुठीएवढा. भरलेली गाडी, म्हातारं माणूस, सुपीरिअर सरोवराच्या वरचे चढ, पुढे प्रेअरीच्या सपाट माळावर समोरून येणारा वारा. दादाने मोठे सिलिंडर मिळवले आणि जानेवारीत इंजिन उतरवलं. झडपांकडची सगळी साखळी मात्र कोणती घालायची, तो वाद वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन महिने चालला.

तो हिवाळा आठवला की मला आधी त्या टेबलाचा वास येतो. आल्याचा चहा, खोबरेल, रॉकेल आणि टपालाने आलेल्या कॅटलॉगचा गुळगुळीत कागद. कॅलिफोर्नियाचे कॅटलॉग ते, पानापानावर उन्हातल्या गाड्या. बाहेर उणे वीस. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, नोकरीत नवा नवा इन्स्पेक्टर, हातात मायक्रोमीटर आल्यामुळे शहाणा झालेला. मला सगळंच मोठं हवं होतं. झडपा जास्त उघडणारा कॅम, जास्त दाबणारे रॉकर, दुहेरी स्प्रिंगा.

"आधी सांग, आपल्याला जायचंय कुठे?" दादा विचारायचा.

"एडमंटनला."

"शर्यत लावून?"

"नाही, पण दादा, ताकद नको का?"

"चढावर लागेल तेवढी हवी. शेजारी आई झोपलेली असणार. तिच्या चहाचा कप हिंदकळता कामा नये. हा कॅम बघ, सौम्य आहे, खालच्या स्पीडला ओढतो. हाच घ्यायचा."

रॉकर त्याने मूळचेच ठेवले. धूर सोडणाऱ्या झडपा मात्र चांगल्यातल्या घेतल्या, कारण तिसऱ्या सिलिंडरला वारा कमी लागतो आणि तिथली झडप आधी जाते, हे त्याला पाठ होतं. एक एक करून माझे सगळे हट्ट त्याने गोडीत मोडून काढले. मग मी स्प्रिंगांवर अडून बसलो. नव्या कॅमला थोड्या कडक स्प्रिंगा लागणारच होत्या, ते त्यालाही मान्य. तिथे मला फट सापडली. मी म्हटलं, "मग मूळचे अॅल्युमिनियमचे पुशरॉड वाकणार. पोलादी हवेत." कागदावर आकडेमोड करून दाखवली.

दादा कागद बघत राहिला. "तुझा हिशोब बरोबर असेल. पण अॅल्युमिनियम इंजिनाबरोबर वाढतं, इंजिनाबरोबर आकसतं. घरातल्या माणसासारखं आहे ते. पोलाद आपल्याच तोऱ्यात राहतं. इंजिन तापून वाढलं की फट पडून वाजणार."

"वाजू दे की. थंड असताना शून्य फट ठेवायची, बस्स."

"थंड असताना," दादा म्हणाला. "ठार थंड. मग त्यात कधी आळस चालणार नाही. ही सोय नव्हे सॅम्या, हे पथ्य आहे."

"पाळू की पथ्य. शनवारतेलीच ना आपण?"

वहिनी चपात्या लाटता लाटता हसली, दादाही हसला. अन् मी जिंकलो. आयुष्यात दादाविरुद्ध जिंकलेला तो माझा एकच वाद. तो हरलो असतो तर काय बिघडलं असतं, असं मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे त्याला गणती नाही.

पोलादी पुशरॉड लांब येतात, इंजिनाच्या मापाने कापावे लागतात. फोरमनला विचारून जेवणाच्या सुट्टीत मी आठही रॉड लेथवर कापले. दादाने एकेक रॉड बोटांत धरून उजेडाकडे फिरवून बघितला. कारागिराच्या तोंडून "बरं झालंय" ऐकलं की काय वाटतं, ते कारागिरालाच ठाऊक. त्याने मला बसवून शिकवलं. "थंड इंजिन. झडप मिटलेली. रॉड बोटांत फिरला पाहिजे, पण वरखाली तसूभर हलता कामा नये. इथे फट मोजायची पट्टी-बिट्टी नको, बोटांना कळतं." ठिपके दिले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंजिन चालू झालं. गॅरेजभर निळा धूर, वहिनी नाकाला पदर लावून दारात. तापल्यावर ते टकटक करू लागलं, दादाने सांगितलं होतं तस्संच. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाला, "वाजतंय तोवर बरं आहे. गप्प बसलं की घाबर."

नव्या इंजिनाचे टॅपेट थोडं चालल्यावर पुन्हा बघायचे असतात. ते आम्ही पुढच्या रविवारी सकाळी बघणार होतो. मी शनिवारी मुक्कामालाच होतो. आणि काय सांगू, रविवारी उजाडताना मला जाग आली, बाहेर स्वच्छ ऊन, कोरडा रस्ता, खिळ्याला किल्ली. दादा झोपला होता. म्हटलं, एकच चक्कर. तळ्याच्या काठाकाठाने तासभर गाडी हाणली. काय ओढत होतं ते इंजिन! मी एकटाच मोठमोठ्याने ओरडत होतो गाडीत. आईला वाटेत काय काय दाखवायचं, तेही ठरवून टाकलं.

परतलो तर दादा गॅरेजात टूलबॉक्स उघडून उभा. त्याने इंजिनाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. रागावला नाही. "झालं समाधान? आता संध्याकाळपर्यंत थांबणं आलं," एवढंच म्हणाला.

आणि अकराच्या सुमारास ताईचा फोन आला. आईला झटका आला होता. डॉक्टर म्हणत होते, थोड्या दिवसांचंच आहे. आई शुद्धीवर होती आणि रूबेनला बोलवा म्हणत होती.

विमानतळावर संप चालू होता, कधी मिटेल सांगता येत नव्हतं. दादाने एक क्षणही घेतला नाही. "कासव आहे ना. त्याच्यासाठीच तर बांधलं." माझी नोकरी नवी, रजा मिळण्यासारखी नव्हती; तो एकटाच निघणार होता. वहिनी डबे भरायला लागली, दादा आत कपडे आणि कामावर निरोप या गडबडीत. मला म्हणाला, "हवा बघ, तेल बघ. टॅपेटला हात लावू नकोस, गरम आहे. आहे तसं जाईल."

मी गाडी चालू केली. टकटक, टकटक. इतका लांबचा रस्ता, आत एकटा माणूस, आणि हा आवाज. मला वाटलं, फट वाढली असणार, माझ्याच सकाळच्या मस्तीने वाढली असणार. वाटेत काही तुटलं तर? मी इंजिन बंद केलं, खाली झोपलो, तापलेली झाकणं फडक्याने उघडली आणि आठच्या आठ टॅपेट आवळले. रॉड बोटांत फिरेल, पण हलणार नाही, अगदी शिकवल्याप्रमाणे. फक्त इंजिन गरम होतं. थंड झाल्यावर ते आकसणार, पोलाद मागे हटणार नाही आणि आठही झडपा उघड्या राहणार, एवढी साधी गोष्ट. तीच मी टेबलावर बसून दादाला ऐकवली होती. त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात ती आली नाही. ठिपके फुटले, ते पुन्हा द्यायचंही सुचलं नाही.

दादाने गाडी सुरू केली. आवाज नाही. "वा! आज शहाण्यासारखं वागतंय," तो म्हणाला. मी हसलो, सांगितलं नाही. हात लावू नको म्हटलं होतं ना. रिकाम्या सीटच्या जागी वहिनीने आईसाठी गोधडी अंथरली. कासव गल्लीच्या वळणावर दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण रोज पाहतो. रविवारी रात्री सुपीरिअरच्या वरच्या अंगाला एका मोटेलपाशी तो थांबला. सकाळी उणे अठ्ठावीस. इंजिन भरभर फिरत असणार, पण पकडत नसणार. दादाला पहिल्याच मिनिटाला कळलं असणार की बॅटरीला काही झालेलं नाही. बर्फावर गोधडी टाकून तो गाडीखाली गेला असणार, झाकण उघडलं असणार आणि फुटलेले ठिपके बघितले असणार. आठ नट. हातमोजे घालून रॉड बोटांना कळत नाही. आणि त्या थंडीत पोलादाला उघडं बोट चिकटतं.

त्यात दादाचे सहा तास गेले.

आई मंगळवारी पहाटे गेली. आमच्यात मयत ठेवत नाहीत, लवकरात लवकर मातीला द्यायचं असतं. दादाने वाटेतून फोन केला तेव्हा ताईने तिथल्या लोकांना विनवून एक दिवस थांबवलं. बुधवारी दुपारी त्यांना आणखी थांबवता येईना. दादा पोचला तेव्हा सगळे परतले होते. पाच तास उशीर. कद्दिश, मुलाने म्हणायची प्रार्थना, ताईच्या नवऱ्याने म्हटली. तिथले ज्यू भले होते, हातभार लावला सगळ्यांनी, पण त्या गर्दीत आईच्या भाषेतला एकटा आवाज ताईचा. मुलग्यांपैकी एकाच्याही हातची मूठभर माती आईला मिळाली नाही. संप गुरुवारी मिटला.

बुधवारी रात्री दादाचा फोन आला होता. मी विचारलं, काय झालं. "बॅटरी गेली रे. थंडीत जाते," तो म्हणाला. मागे ताई रडत होती. तिचे शब्द मला स्वच्छ ऐकू आले. "इंजिनं बांधतो म्हणे! साधी बॅटरी बदलून निघता येत नाही?" मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तेव्हा मला खरंच वाटलं की बॅटरीच असेल. वाटून घेतलं म्हणा.

सात दिवस ताईकडे सुतकात बसून दादा परत आला. बरोबर आईची गुंडाळलेली गोधडी आणि तिचा चष्मा. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं सोललेली, काळवंडलेली. "बॅटरीच्या केबलला चिकटली," म्हणाला. वहिनी त्याचा हात मांडीवर घेऊन खोबरेल लावत बसली. "इतके दिवस कोणी साधं खोबरेलही लावलं नाही का हो?" दादाने डाव्या हाताने चहाचा कप उचलला. मलिद्याच्या पोह्यांना त्या घरात पुन्हा कोणी हात लावला नाही. पुढे कधीतरी त्यांना किडे लागले.

मग रविवार आला. मी पहाटे गुपचूप गॅरेजात गेलो. इंजिन थंड होतं. मला दादाच्या आधी ते आठ टॅपेट बरोबर करून टाकायचे होते, त्याला कळायच्या आत. झाकण उघडलं. आठही नटांवर, फुटलेल्या जुन्या ठिपक्यांवर, नवे लाल ठिपके. थंडीत नेलपॉलिश धड पसरलं नव्हतं, गोळ्यागोळ्यांनी बसलं होतं. एका ठिकाणी त्यात बोटाची पुसट खूण होती. मी जमिनीवर बसलो. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून दादाची हाक आली, "सॅम्या, चहा गार होतोय."

सवयीने दिले असतील ते ठिपके त्याने, की मला वाचायला ठेवले असतील? अकरा वर्षं मी हेच घोकतोय. दर मार्चमध्ये आम्ही टॅपेट केले, एकही वर्ष चुकलं नाही. दादाने विषय काढला नाही, मीही नाही. फक्त एक झालं. तेव्हापासून झाकण उघडायच्या आधी तो मला दरवेळी म्हणायचा, "हात लावून बघ. थंड आहे ना?" मी हात लावायचो. "थंड आहे," म्हणायचो. मग तो पाना द्यायचा.

लिलीताई त्यानंतर दादाशी बोलली नाही. एकदाही नाही. तिचे फोन मला यायचे. "तुझ्या दादाला सांग, भाचीची परीक्षा झाली." "तुझ्या दादाला विचार, आईचा चष्मा कुठे आहे." मी त्यांच्यामधला पोस्टमन. दादा निरोप ऐकून घ्यायचा. रोश हशानाला, आमच्या नव्या वर्षाला, तिला कार्ड लिहायचा आणि माझ्याकडे द्यायचा, "तू टाक, तुझ्या अक्षरात पत्ता असला तर उघडेल." ताईने मला लहानपणी कडेवर वागवलं होतं. माझ्यावर तिचा जीव आहे, हे दादाला माहीत होतं. तो तिच्या नजरेत स्वतः उतरला आणि मला तिथेच राहू दिलं. आणि मी राहिलो! आरामात राहिलो. दरवर्षी तिच्याकडून मला वाढदिवसाला स्वेटर यायचा, तो घालून मी दादासमोर बसायचो. लाज कशी वाटली नाही म्हणाल तर वाटायची, पण स्वेटर उबदार होता.

डिसेंबरात हॉस्पिटलमध्ये एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची जवळ ओढली. "दादा, त्या रविवारी तू आत कपडे भरत होतास ना, तेव्हा मी..."

"बॅटरी होती रे," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच. "थंडीत जाते."

"दादा, ऐक तरी."

"फ्लोराला सांग, चहात साखर कमी झाली."

दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला निरोप द्यायला आमची सगळी घरं आली. सगळं मराठीत झालं, आईला हवं होतं तसं. मी माती टाकली. ताईला मी रात्रीच फोन केला होता. विमानं चालू होती, ती पोचू शकली असती. ती म्हणाली, "आईच्या वेळी त्याला जमलं नव्हतं. आता मला जमत नाही."

मी तेव्हाही गप्प बसलो.

आज रविवार. सकाळी वहिनीकडे गेलो. गॅरेजच्या दारात पाणी साचलंय, तेलाचे रंग आहेत, सगळं दरवर्षीचं. वहिनीने टूलबॉक्स काढून ठेवला होता. मी झाकण उघडायच्या आधी इंजिनावर हात ठेवला. तीन महिने कोणी हात न लावलेलं इंजिन, थंडगार. "थंड आहे," मी मोठ्याने म्हटलं. मागून काही आलं नाही. झाकण उघडलं. आठही ठिपके गेल्या मार्चमध्ये त्याने दिलेले, एकही फुटला नव्हता. रॉड एकेक करून फिरवून बघितले. सगळे बरोबर. मला करण्यासारखं त्याने काही ठेवलंच नव्हतं.

हात पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. वहिनी ओट्यापाशी उभी होती. मी तिला थांब म्हटलं, तूही ऐक. एडमंटनला अजून सकाळच होती. ताईचा आवाज झोपाळलेला. मी सगळं सांगितलं. पहाटेची चक्कर, गरम इंजिन, आवळलेले टॅपेट, उणे अठ्ठावीस, लाल ठिपके. बॅटरी नव्हती, ताई. बॅटरी चांगली होती. मी होतो.

"आता सांगतोस?" ती म्हणाली.

 वहिनी ओट्याला धरून पाठमोरी उभी. मला वाटलं ताईने फोन ठेवला. ठेवायलाच हवा होता. मी दोनदा हाक मारली. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक, आमच्या लहानपणीचा.

"सात दिवस तो माझ्यासमोर बसला होता सॅमू. ती बोटं घेऊन. खोबरेलची बाटली तिथेच होती, माझ्या हाताशी. मी नाही लावलं रे त्याला."